दाराबाहेरचं बाकडं

घनसावंगी तालुक्यात, समर्थ रामदासांच्या जांब गावापासून फार लांब नाही, असं एक गाव होतं. गावाला मोसंबीचं वैभव होतं. मग २०१२ साली पावसाने पाठ फिरवली. पुढच्या उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या. लोकांनी टँकरचं पाणी विकत घेऊन झाडांच्या आळ्यात ओतलं, तरी जालना जिल्ह्यातल्या बागांमागून बागा उभ्या वाळल्या. लेकरासारखी जपलेली झाडं लोकांनी स्वतःच्या हाताने तोडली आणि सरपणाच्या भावाने विकली.

त्या गावात एक मावशी राहत होत्या. नवरा अकाली गेलेला, पदरात एक मुलगी, दोन एकर रान आणि त्यात मोसंबीची दोनशे झाडं. त्यांचीही बाग गेली. सरपणाचे जे पैसे आले त्यातून दुकानाची उधारी फिटली. उरलेल्या थोड्या नोटा मावशींनी डाळीच्या डब्यात तळाशी ठेवल्या. त्या मोडायला त्यांचा हात होत नव्हता.

गावात नाना होते. कुणाच्या लग्नात पहिला आहेर नानांचा, कुणाच्या आजारपणात पहिली धाव नानांची. दुष्काळ सरला, लोक सोयाबीनकडे वळले, तेव्हा नानांनी सगळ्यांना मारुतीच्या पारावर गोळा केलं. ते म्हणाले, "पिकवायचं आपण आणि भाव करायचा दुसऱ्यानं, हे किती दिवस चालायचं? आपली कंपनी काढू."

शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता यावी म्हणून २००२ सालीच कायद्यात दुरुस्ती झाली होती. दहा शेतकरी एकत्र आले तरी पुरत. इथे तर तीनशे आले. हजार रुपयांचा एक शेअर ठरला. मावशींनी डाळीचा डबा रिकामा केला आणि दोन शेअर घेतले. नोटांना हरभऱ्याच्या डाळीचा वास येत होता. नानांनी त्या दोन्ही हातांनी घेतल्या.

कंपनी उभी राहिली, नाना अध्यक्ष झाले. पत्र्याचं गोदाम झालं, वजनकाटा आला, ओलावा मोजायचं यंत्र आलं. गोदामासमोर एक खोली बांधली, ते ऑफिस. ऑफिसच्या दाराबाहेर कडुनिंबाखाली एक लाकडी बाकडं होतं. त्यावर हमाल बसत, तंबाखू मळत.

मालाचा नियम साधा होता. सरकारी खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा बारा टक्के धरत, तीच कंपनीने धरली. बाराच्या वर जितके टक्के ओल निघेल, तितके किलो क्विंटलमागे वजा करायचे. माल पन्नास किलोच्या कट्ट्यांत भरून थप्पीला लावायचा आणि चांगला भाव आला की जालन्याच्या नाहीतर लातूरच्या प्लँटला पाठवायचा. गोदामाच्या किल्ल्या नानांच्या पुतण्याकडे होत्या. पोरगा शिकलेला होता, नोकरी लागत नव्हती. नाना म्हणाले, "घरचाच आहे, लक्ष देईल." कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या वर्षी कर्ज हवं होतं. बँकेच्या माणसाने विचारलं, "तुमची ऑडिट समिती आहे का?" कायद्याने अशा छोट्या कंपनीवर तशी सक्ती नव्हती, पण असली तर बरं, असं तो म्हणाला. नानांनी बसल्या जागी तीन नावं लिहून दिली. एक त्यांचे साडू; कंपनीचा माल त्यांच्याच टेम्पोने जाई. दुसरा खतांचा दुकानदार. कंपनी खत त्याच्याकडूनच घेई. तिसरा एक संचालक. तो नानांच्या शब्दाबाहेर नव्हता. वर्षातून एकदा तिघं ऑफिसात जमत. पोहे येत, चहा येई. कागदावर जिथे सही करायची तिथे आधीच पेन्सिलीने फुली केलेली असे. तासाभरात समिती उठे.

हिशेब तपासायला जालन्याहून एक तरुण सीए बाई येत. मोंढ्याजवळ त्यांचं छोटं ऑफिस होतं. असल्या कंपनीने सीएकडून अंतर्गत तपासणी करून घ्यावी, असं कायद्यातच होतं. बाई वह्या नीट पाहत. एका वर्षी त्या सह्यांच्या वेळी हळूच म्हणाल्या, "गोदामातली घट जरा जास्त वाटते." समितीतल्या तिघांनी नानांकडे पाहिलं. नाना हसून म्हणाले, "ताई, पोरगं माझं आहे. त्याची जबाबदारी माझी." बाईंनी मान हलवली आणि वही मिटली. नाना खोटं बोलले नव्हते. पोराची जबाबदारी त्यांनी मनापासून घेतली होती. त्यापुढे बोलायला कुणाला जागाच उरली नाही.

अशी तीन-चार वर्षं गेली.

एका वर्षी सप्टेंबरात सर्वसाधारण सभा भरली. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या. ताळेबंद सगळ्यांना वाटला होता. बाया मागे बसल्या होत्या. नानांनी विचारलं, "मंजूर?" सगळे म्हणाले, "मंजूर." तेवढ्यात मागून मावशी उठल्या. हातात तो कागद होता. मुलीने रात्री तो त्यांना ओळ न ओळ वाचून दाखवला होता.

"नाना, एक इचारू का?"

"विचारा ना मावशी."

"आमी माल आणला तवा वल्ला म्हणून क्विंटलमागं तीन किलो कापलं. बरोबर हाय, वल्ला व्हता. मंग ह्या कागदावर पुन्हा घट म्हणून तीन किलो लिवलंय. एकच माल दोनदा कसा वाळंल?"

पटांगणात एकदम शांतता झाली. नाना म्हणाले, "मावशी, माल ठेवला की थोडी घट येतेच." मग त्यांचा आवाज जरा दुखावला. "माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"नसता तर सरपणाचे पैसे दिले असते का?" मावशी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मावशींच्या बोलण्यात आरोप नव्हता आणि खोचही नव्हती. त्यांना जे कळलं नव्हतं ते त्यांनी विचारलं होतं.

पुढे बसलेले गुरुजी उठले. गावातल्या शाळेतूनच ते निवृत्त झाले होते. ते म्हणाले, "समिती बदलू या. कुणावर ठपका नाही. पण माल नेणारा आणि खत विकणारा यांनीच हिशेब पाहायचा, हे बरोबर दिसत नाही." नाना क्षणभर थांबले. मग म्हणाले, "ज्याला बघायचं त्यानं बघावं. आपल्याला लपवायचं काय आहे?"

नवी माणसं कशी निवडायची, हे सीए बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "शेअर बाजारातल्या कंपन्यांना आणि शंभर कोटींची उलाढाल असलेल्या पब्लिक कंपन्यांना ही समिती ठेवावीच लागते. २०१३ च्या कायद्यात १७७ वं कलम आहे. किमान तीन संचालक, आणि त्यांत बहुसंख्य स्वतंत्र. स्वतंत्र म्हणजे ज्यांचं कंपनीशी देण्याघेण्याचं नातं नाही, जे मालकाचे नातलग नाहीत. त्यांना ताळेबंद वाचता यायला हवा. तुम्हाला ती सक्ती नाही, म्हणून सभासदांतून घेतले तरी चालेल. पण माणसं निवडताना कसोटी तीच लावा."

कसोटी लावायला बसले तेव्हा अडचण कळली. कंपनीशी व्यवहार नसलेली माणसं सापडत होती, पण नानांच्या उपकारात नसलेलं माणूस गावात सापडत नव्हतं. गुरुजींच्या पत्नीला हृदयाचा झटका आला होता, तेव्हा रात्री दोन वाजता त्यांना औरंगाबादला नेणारी जीप नानांची होती. गुरुजींनी ते सभेत स्वतःच सांगितलं. बाई म्हणाल्या, "देण्याघेण्याचं नातं कायद्याला मोजता येतं गुरुजी. उपकार मोजता येत नाहीत. ते ज्याचं त्यानेच बाजूला ठेवायचे."

शेवटी तिघं ठरले. गुरुजी, त्यांना आकडे वाचता येत. जालन्याच्या मोंढ्यात तीस वर्षं मापाडी म्हणून राबून गावी परतलेले एक काका. त्यांना माल वाचता येई. आणि तिसऱ्या मावशी. त्या नको म्हणत होत्या. गुरुजी म्हणाले, "मावशी, प्रश्न तुमचा आहे. उत्तर ऐकायला तुम्ही नको?"

दिवाळी झाली. नवा माल गोदामात आला, काही गेला. एक दिवस समिती बसली. गुरुजींनी आठ दिवस आधी कागद मागून घेतले होते आणि पेन्सिलीच्या फुल्या खोडून काढल्या होत्या. नाना नेहमीप्रमाणे मधल्या खुर्चीत बसले. पोहे आले.

गुरुजी एकेक प्रश्न विचारू लागले. सीए बाई उत्तरं देत होत्या. उत्तरं बरोबर होती, पण तोकडी होती. मावशी कागदाकडे पाहतच नव्हत्या, त्या बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "बाई, तुमी बोलायच्या आदी दर वक्ताला नानांकडं बघता."

बाईंनी मान खाली घातली. मापाडी काकांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांना ती रात्र आठवत होती, ती जीप आठवत होती. मुलांना शिकवण्यात सारा जन्म गेला, पण इतकं छोटं वाक्य इतकं जड त्यांना कधी गेलं नव्हतं.

"नाना," ते म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

नानांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग ते उठले. कंपनी त्यांनी उभी केली होती, ही खोली त्यांनी बांधली होती, ही खुर्चीसुद्धा त्यांच्या घरून आली होती. ते दाराबाहेर गेले. हमाल बाकड्यावरून उठून उभे राहिले. नाना त्या बाकड्यावर बसले. आजवर ते तिथे कधी बसले नव्हते.

आत मावशींनी दार ओढून घेतलं. बाईंनी पिशवीतून एक वही काढली.

"मी हे दोन वर्षं बरोबर घेऊन फिरते," त्या म्हणाल्या. "एका वर्षी पाऊस लवकर गेला, माल कोरडा आला. एका वर्षी काढणीत पाऊस झाला, माल भिजून आला. तरी गोदामातली घट दर वर्षी शेकडा तीन. कमी नाही, जास्त नाही. निसर्ग इतका नेमाने वागत नाही. मी कंपनीच्या व्यवस्थापकाला विचारलं, तो म्हणाला नानांना विचारा. नानांना विचारायचं तर पुतण्याबद्दल, तेही त्यांच्याच ऑफिसात, त्यांचेच पोहे खात. मला जमलं नाही. चूक माझीही आहे."

मापाडी काका म्हणाले, "मोठ्या कंपन्यांत असं होत नसेल."

"काका, तिथेही होतं. मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. हैदराबादला सत्यम नावाची कंपनी होती. तिला ऑडिट समिती होती. संचालक मंडळावर नामांकित प्राध्यापक होते. उत्तम कारभाराचा पुरस्कारही २००८ च्या सप्टेंबरात मिळाला होता. आणि २००९ च्या ७ जानेवारीला कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं, की वह्यांत दाखवलेले ५,०४० कोटी रुपये कुठल्याच बँकेत नाहीत. समितीच्या बैठका व्हायच्या. कागद सगळे होते. पैसे नव्हते."

काका बराच वेळ गप्प राहिले. मग उठले. "मंग आपण कागद ठेवू. चला, थप्पीच पाहू."

तिघं आणि बाई बाहेर आले. नानांकडे न पाहता गोदामाकडे गेले. काकांनी पुतण्याकडे किल्ली मागितली. पुतण्या म्हणाला, किल्ली घरी राहिली. मग म्हणाला, खिशातच आहे. मग म्हणाला, आत्ता आत उंदरांचं औषध टाकलंय, उद्या या. किल्ली मिळाली, पण मिळायला जो वेळ गेला तो सगळा नानांनी बाकड्यावरून पाहिला. मधल्या खुर्चीतून गोदामाचं दार दिसत नसे. बाकड्यावरून ते समोरच होतं.

गोदामात काकांनी एक थप्पी निवडली. थप्पीच्या पाटीवर दोनशे कट्टे लिहिलेले होते, म्हणजे शंभर क्विंटल. वहीत घट धरून सत्त्याण्णव क्विंटल होते. काकांनी हमालाला कट्टे काट्यावर ठेवायला सांगितलं. पहिला कट्टा पन्नास किलो. दुसरा पन्नास. दहावा पन्नास. काकांनी शेवटचा कट्टा स्वतः उचलून पाहिला, तोही पन्नास. मग त्यांनी थप्पी मोजली. एकशे चौऱ्याण्णव कट्टे.

"गुरुजी, वजन जुळलं," काका म्हणाले. "सत्त्याण्णव क्विंटल, वहीत हाय तेवढंच."

"मग बरोबर आहे?"

"न्हाई. माल वाळला असता तर कट्टे दोनशेच राहिले असते, आणि हरेक कट्टा दीड किलोनं हलका भरला असता. वाळून दाणा हलका होतो, कट्टा नाहीसा होत न्हाई. इथं कट्टे समदे भरलेले हायेत. सहा कट्टे तेवढे चालत गेले."

हे बाईंच्या शिक्षणात नव्हतं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

काका मागे राहिले. हमालाजवळ बसले, तंबाखू मळली, अर्धी त्याला दिली. मोंढ्यातली जुनी सवय. हमाल बराच वेळ काही बोलला नाही. मग जमिनीकडे पाहत म्हणाला, "रातीचा टेम्पो येतो. कट्टे म्याच भरून देतो काका. मला वाटायचं नानांना ठावं असंल."

"कुणाला सांगितलं न्हाईस?"

"कुणी इचारलंच न्हाई. अन् सांगायचं कुणाला? ज्याला सांगायचं त्याच्याकडंच किल्ल्या."

ऊन कलायला लागलं होतं. नाना अडीच तास बाकड्यावर होते. येणारे-जाणारे थबकत होते. कुणी विचारलं, "नाना, बाहेर काहून बसले?" पहिल्यांदा नानांना उत्तर देता आलं नाही, राग आला. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "आत काम चालू आहे." तिसऱ्यांदा त्यांनी फक्त मान हलवली. तोवर त्यांना कळून चुकलं होतं.

त्यांना आत बोलावलं. गुरुजींनी जे दिसलं ते सांगितलं, हमालाचं नाव सोडून. नाना ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "माझ्यासमोर का नाही विचारलं?"

"तुमच्यासमोर विचारलं की उत्तर तुम्हाला बघून येतं नाना," गुरुजी म्हणाले. "तुम्ही वाईट असता तर लोक तुम्हाला भ्यायले असते. तुम्ही चांगले आहात, म्हणून तुमचा जीव दुखवायला भितात. गप्प दोन्हीकडे बसतात."

नानांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "जेवढं गेलं तेवढं मी भरतो. दोन बिघे विकीन. पण हे इथंच मिटवा. सभेत नको. पोराचं लग्न व्हायचंय."

खोलीत कुणी बोललं नाही. गुरुजींची मान होकाराकडे झुकत होती, ते त्यांनी पुढे स्वतः कबूल केलं. नाना पैसे बुडवा म्हणत नव्हते, भरतो म्हणत होते. गावाचं नुकसान तर भरून निघणार होतं.

मावशी म्हणाल्या, "तुमी भराल नाना, मला खातरी हाय. पण मंग म्होरल्या साली कुणाच्या ध्यानात काही आलं तर तो म्हणंल, जाऊ दे, नाना भरतील. तुमचं रान किती दिवस पुरंल?"

दोन आठवड्यांनी खास सभा बोलावली. समितीचा अहवाल एक पानाचा होता. गुरुजी वाचायला उठले, तर नानांनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. पुतण्याचं नाव आलं तिथे त्यांचा आवाज अडखळला, पण त्यांनी ते वगळलं नाही. सभा दुपारपर्यंत चालली. पुतण्याने लेखी कबुली दिली. चार वर्षांच्या मालाचा हिशेब करून रक्कम ठरली. त्यातली काही लगेच आली, बाकीची पुढच्या दोन हंगामांत वसूल झाली. काही वर्षांचे कागद नीट नव्हते. तिथलं गेलं ते गेलं. गोदामाला दोन कुलुपं लागली, दोन किल्ल्या दोन घरी गेल्या. टेम्पोसाठी तिघांकडून भाव मागवायचे ठरले, आणि अध्यक्षांच्या किंवा संचालकांच्या नातलगाशी कुठलाही व्यवहार करायचा तर तो आधी समितीपुढे आणायचा, असं ठरलं. नानांनी राजीनामा पुढे केला. सभेने तो घेतला नाही. हमाल कामावर राहिला. त्याने काय सांगितलं होतं ते काकांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

ही गोष्ट मी सांगतो तेव्हा ऐकणारे म्हणतात, गावात चाललं, मोठ्या कंपनीत काय? मोठ्या कंपनीतही कायद्याने अशीच समिती मागितली आहे. जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीन विकणाऱ्या माणसाने चार पैसे म्युच्युअल फंडात टाकले असतील, तर ते अशाच कुठल्या तरी कंपनीच्या गोदामात आहेत, आणि ते गोदाम त्याला कधी पाहायला मिळणार नाही. त्याच्या वतीने पाहायला तीन माणसं असावीत म्हणून शेअर बाजारातल्या कंपन्यांना २००० सालापासून ही समिती लागू होत गेली. सेबीच्या नियमाने तिच्यात दोन तृतीयांश सदस्य स्वतंत्र असावे लागतात. लेखापरीक्षकाला तिच्यापुढे बोलायचा हक्क आहे, मत द्यायचा नाही. नातलगांशी होणारे व्यवहार आधी तिच्यापुढे यावे लागतात. आणि गोदामातल्या हमालाला, बँकेतल्या कारकुनाला, गरज पडली तर थेट समितीच्या अध्यक्षांपर्यंत पोचता यावं, अशी वाट ठेवावी लागते. हे सगळं कलमांत लिहिलेलं आहे. पण "तुम्ही जरा बाहेर बसता का?" हे कुठलं कलम कुणाच्या तोंडून वदवून घेऊ शकत नाही. सत्यमच्या समितीजवळ कलमांची उणीव नव्हती. गुरुजींना लागलं ते धाडस माणसाला स्वतःच गोळा करावं लागतं, आणि ज्याच्याबद्दल आदर आहे त्याच्यासमोर ते सगळ्यात कठीण असतं, असं मला वाटतं. नानांचं मोठेपणही मला तितकंच वाटतं. ते उठले आणि बाहेर गेले. पुष्कळ अध्यक्ष उठत नाहीत.

पुढच्या वर्षी पुन्हा समितीचा दिवस आला. त्या वर्षी काढणीत पाऊस पडला होता, माल ओला आला होता. गुरुजी सायकलवरून आले. काका आधीच गोदामात जाऊन थप्प्यांवरून हात फिरवत होते. सीए बाई जालन्याच्या एसटीने उतरल्या. मावशी मुलीला घेऊन आल्या. मुलगी आता कॉमर्सला होती आणि तिला बघायचं होतं.

ऑफिसात मधली खुर्ची रिकामी होती. नाना बाहेर बाकड्यावर बसले होते, हमालांच्या शेजारी. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

दार बंद झालं. बऱ्याच वेळाने ते थोडं उघडलं आणि मावशी चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. त्यांनी तो नानांच्या हातात दिला.

"झालं का?" नानांनी विचारलं.

"अजून न्हाई," मावशी म्हणाल्या. "बसा."

नाना बसले.